झुल्माला कळता कामा नये

मंडळी, विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या ऑनलाइन कट्ट्यावर पोस्ट गाजवायची कशी, हे अख्ख्या साल्तो शहरात कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा! हसू नका. माझं चष्म्याचं दुकान आहे, लांबचं आणि जवळचं दोन्ही नीट दाखवणं हा माझा धंदाच आहे. माझ्या एका पोस्टला इतके लाइक पडले, की फोन थरथरत थरथरत टेबलाच्या कडेला गेला आणि खाली पडला! काच तडकली, पण मी ती बदलली नाही. पराक्रमाची खूण कुणी बदलतं का?

पण आधी माझा वनवास ऐका.

आम्ही शाळेत असताना शनिवारी दुपारी टीव्हीवर 'राखाडी कक्षा' लागायची. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नसे. एका शनिवारी 'अस्तुरा' नावाचं ते यान काळ्या विवरात शिरलं, कॅप्टनने डोळे मिटले, आणि पुढच्या शनिवारी त्याच वेळेला स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला! मालिका बंद! कारण नाही, खुलासा नाही, एक बाई शांतपणे वांगी तळतेय! त्या धक्क्यातून आमची पिढी अजून सावरलेली नाही. लग्नं झाली, टकलं पडली, पण यान अजून विवरातच.

अशा सगळ्या दुखावलेल्या जिवांनी मिळून 'कक्षावासी' नावाची वेबसाइट काढली. तिथले ॲडमिन म्हणजे महाअ‍ॅडमिरल. खरं नाव लेओनेल आर्बिसा, राजधानी मोन्तेविदेओत औषधांचं दुकान. पण कट्ट्यावर त्यांचा रुबाब असा, की सूर्यसुद्धा त्यांना विचारून उगवत असावा! मी तिथे 'सातवा उपग्रह' या नावाने दाखल झालो. पहिली पोस्ट लिहिली, "नमस्कार, मी साल्तोहून." महाअ‍ॅडमिरलांचं उत्तर आलं, "नमस्कारासाठी वेगळं दालन आहे." मी त्या दालनात जाऊन नमस्कार केला, तर तिथे कुणीच नव्हतं.

मग पाहिलं, की लोक दोन वर्षं एकाच गोष्टीवर भांडताहेत: कॅप्टनचा हातमोजा डाव्या हातात की उजव्या? मी नम्रपणे लिहिलं, "डाव्या." उत्तर आलं, "आधी शोधा, मग लिहा." मी म्हटलं, "उजव्या?" उत्तर आलं, "यावर चर्चा झालेली आहे." झाली होती तर निकाल काय लागला, तेही कुणी सांगेना! इतका अपमान माझा लग्नाच्या मांडवातसुद्धा झाला नव्हता, आणि तिथे तर माझी सासू होती!

अशात बातमी आली, की मालिका नव्याने येतेय. कट्ट्यावर नुसता उकळता रस्सा! मी ठरवलं, आता असं काही लिहायचं की महाअ‍ॅडमिरलांनी दुकानाचं शटर ओढून वाचत बसावं. विषय निवडला, 'अस्तुराच्या इंजिनाची गळती: एक नवा विचार'. यान विवरातून बाहेर कसं येईल, याचं संपूर्ण शास्त्र! गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला बसवायचं आणि इकडे मी लिहायचं. एक म्हातारा अख्खा तक्ता तीन वेळा वाचून घरी गेला, मला पत्ता नाही!

घरी मात्र वेगळ्याच गळतीचा विषय चालू होता.

"हेरिबेर्तो, न्हाणीघरातला गिझर टपकतोय," झुल्मा म्हणायची. झुल्मा म्हणजे माझी बायको.

"बघतो."

"लोकांना बघायला शिकवतोस, स्वतः कधी बघणार?"

"म्हटलं ना, बघतो!"

त्यावर आतल्या खोलीतून सासूबाई एतेल्विना बोलायच्या, "त्याला कशाला सांगतेस, झुल्मा? भिंतीला सांग. भिंत निदान मान तरी हलवत नाही."

एका शनिवारी झुल्मा बाजारात गेलेली असताना थेंबांची धार झाली. मी धावत जाऊन गिझरचं बटण बंद केलं, तारही काढून ठेवली. प्लंबर वॉशिंग्टन तेचेराला दाखवायला खालून एक फोटो काढला. गिझर जुना, पोटाला पोचा, कडेने तांबूस गंज, दोन वाकडे पाइप, एका पाइपला लटकलेला सासूबाईंचा अंग घासायचा स्पंज, मागे भिंतीवर ओलीचा भलामोठा डाग. खाली मजकूर लिहिला:

"फुटलं! आता लपवण्यात अर्थ नाही. आणखी कुणी बघायच्या आत तुम्हाला दाखवतोय. झुल्माला कळता कामा नये. कळलं तर माझं काही खरं नाही!"

त्याच फोनवर दुसरीकडे माझा इंजिनावरचा प्रबंध कट्ट्यावर चढवायला तयार होता. तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, "पाणी माझ्या सपातांपर्यंत आलंय!" मी दचकलो, बोट इकडचं तिकडे गेलं, दोन्ही गोष्टी रवाना झाल्या. फोन खिशात टाकला, फरशी पुसली, गिझरखाली बादली ठेवली आणि जेवून, फोन टेबलावर ठेवून दुपारची झोप काढायला आडवा झालो.

उठून बघतो तर फोन जमिनीवर, आणि जमिनीवरही थरथरतोय!

मंडळी, प्रबंध प्लंबरकडे गेला होता आणि गिझर कट्ट्यावर!

पहिली प्रतिक्रिया होती, "हा खरा आहे?" दुसरी, "देवा! अस्तुराचा नवा सेट फुटला! चित्रीकरणातून फोटो बाहेर आला!" तिसरा तर रडत होता, "तो पोचा बघा! विवरातल्या दाबाने आलेला पोचा! किती बारकाईने केलंय काम!" गंजाच्या रंगावरून एकाने यानाचं वय काढलं होतं. स्पंज म्हणजे परग्रहावरल्या प्राण्याचं अंडं, यावर तर सगळ्यांचं एकमत झालं होतं. हातमोज्यावर दोन वर्षं भांडणाऱ्यांचं एकमत!

आणि सगळ्यात मोठा प्रश्न: ही झुल्मा कोण?

"निर्माती असणार. कडक बाई दिसते."

"निर्माती कसली! ही नव्या भागातली खलनायिका आहे. नावच सांगतंय. झुल्मा! करड्या ग्रहांची सम्राज्ञी!"

एका चित्रकाराने तर तिचं चित्रही काढलं होतं. डोक्याभोवती धातूची वेटोळी, चेहरा पांढराफटक, नजर जाळणारी. मी चित्र बघितलं. रविवारी सकाळी झुल्मा केसांना रोलर लावून आणि चेहऱ्याला क्रीम फासून बसते, तेव्हा हुबेहूब अशीच दिसते!

मी लगेच लिहायला घेतलं, "माफ करा, हा माझा..." 'गिझर' लिहिणार, तोच महाअ‍ॅडमिरलांचा खासगी निरोप आला.

"आदरणीय सातवा उपग्रह, आपण आतल्या गोटातले आहात हे आम्ही ओळखू शकलो नाही. क्षमस्व. यंदाच्या वार्षिक मेळाव्यात प्रमुख पाहुणे म्हणून याल का? मानपत्र तयार करायचं आहे, पत्ता कळवावा."

आदरणीय! ज्या माणसाने माझा नमस्कार घेतला नाही, तो मला क्षमस्व म्हणतोय! तुम्ही काय केलं असतं? मीही तेच केलं. 'माफ करा, हा माझा' पुसलं आणि लिहिलं, "सध्या एवढंच सांगू शकतो." खासगीत पत्ता पाठवला. लाइक दुप्पट झाले.

संध्याकाळी प्लंबरचा आवाज आला. म्हणजे रेकॉर्ड केलेला निरोप.

"साहेब, वॉशिंग्टन बोलतोय. तुमचं ते लिहिलेलं वाचलं. बायकोलाही वाचायला दिलं, ती माहेरी जायचं म्हणतेय. मुख्य नळी फुटली तर तीन ग्रह जातील म्हणताय, तेव्हा हे माझ्या एकट्याचं काम नाही. नदीपल्याड कोंकोर्दियाला माझा मेहुणा मोठे बॉयलर करतो, त्याला घेऊन येतो. तोवर कशालाही हात लावू नका. आणि साहेब, हे लायसन्सचं काम आहे का?"

झुल्माने विचारलं, "काय म्हणाला वॉशिंग्टन?"

"मेहुण्याला घेऊन येतोय."

"गिझर दुरुस्तीला दोघं? वर्गणी काढून पाइप बसवणार आहेत का?"

आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन थंडी. घरात किटलीने आंघोळी सुरू झाल्या. किटली एक, माणसं तीन, त्यात माझं दिवसभराचं माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा! ते सोडता येत नाही, रक्तातच आहे. सासूबाई दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "हा पाणी पिणार, की मी अंगावर घेणार? एकदाचं ठरवा!" शेवटी त्या टॉवेल घेऊन बसने दायमानच्या गरम झऱ्यांवर आंघोळीला जाऊ लागल्या. सगळ्या बसला सांगायच्या, "शेजारी जमिनीतून फुकट उकळतं पाणी येतं, आणि माझ्या जावयाच्या घरात बर्फ!" दोन गिऱ्हाइकांनी दुकानात येऊन माझी चौकशी केली. चष्मा कुणीच घेतला नाही.

इकडे कट्टा दुसऱ्या फोटोसाठी टाहो फोडत होता. "उपग्रहा, दया कर!" "एक तरी कोन!" प्रसिद्धीची चटक फार वाईट, मंडळी. मी विजेरीला कॅरमेलचा लाल कागद गुंडाळला, गिझरचं खालचं झाकण काढलं, आणि आतल्या तारांचा असा काही फोटो काढला की मलाच अंतराळात असल्यासारखं झालं! खाली लिहिलं, "झुल्मा जवळच आहे. जास्त बोलू शकत नाही."

हे अक्षरशः खरं होतं. ती दाराबाहेरून ओरडत होती, "न्हाणीघरात बसून करतोस काय एवढा वेळ?"

भिंतीवरच्या ओलीच्या डागाला कट्ट्याने आकाशगंगेचा नकाशा ठरवलं. एका खगोलशास्त्राच्या मास्तराने त्यात आपली सूर्यमाला शोधून काढली, शनीच्या कड्यांसकट. मी जाऊन पाहिलं. आता मलाही दिसायला लागली होती!

आणि नेमका दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टन आला. बरोबर मेहुणा. दोघांच्या डोक्याला हेल्मेट, हातात कोपरापर्यंत मोजे. मेहुण्याने लांबूनच न्हाणीघरात डोकावलं आणि वॉशिंग्टनकडे वळला. "अरे, हा तर साधा गिझर आहे. अर्ध्या तासाचं काम."

अर्ध्या तासात माझं अंतराळयान टकाटक दुरुस्त, डाग पुसलेला, पोचा गेलेला! तिसरा फोटो कशाचा काढू?

"आज नको," मी म्हणालो.

"नको?" वॉशिंग्टनने हेल्मेट काढलं. "साहेब, हा नदी ओलांडून आलाय!"

"आज मुहूर्त नाही. मी कळवतो."

मेहुणा जाताना हळूच म्हणाला, "याच्या डोक्याचं झाकण उघडायला हवं." आणि हे सगळं झुल्माने स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं.

"परत पाठवलंस?" ती समोर येऊन उभी राहिली. हातात झारा होता. "माझी आई म्हातारपणी बसने आंघोळीला जाते, मी चहाच्या किटलीने केस धुते, आणि तू प्लंबरला परत पाठवलंस? हेरिबेर्तो, मला खरं सांग. दुसरी कुणी आहे का?"

"छे! कुणी नाही! फक्त मोन्तेविदेओचा एक औषधवाला..."

त्या दिवसापासून माझं अंथरूण दुकानाच्या मागच्या खोलीत गेलं. तिथे भिंतीवर नजर तपासायचा तक्ता. सर्वांत वरचं मोठं अक्षर रोज सकाळी मला हसायचं.

तेवढ्यात महाअ‍ॅडमिरलांनी कट्ट्यावर जाहीर करून टाकलं, "आमच्याकडे खात्रीची माहिती आहे. अस्तुराचं गुप्त चित्रीकरण साल्तोत चालू आहे. यंदाचा मेळावा साल्तोतच! मी स्वतः येतो आहे!"

हे मी वाचलं कधी? रविवारी, जेवणाच्या टेबलावर. शेवया वाढल्या होत्या, झुल्मा बोलत नव्हती, सासूबाई न्हाणीघरात किटली घेऊन गेल्या होत्या, कारण रविवारी झऱ्यांवर गर्दी असते. आणि बाहेर बस थांबल्याचा आवाज आला.

खिडकीतून पाहिलं. अख्खी बस भरून माणसं उतरत होती! चंदेरी पोशाख, खांद्यावर कागदी तारे, काखेत मात्र प्रत्येकाच्या माते-चहाचा थर्मास. सगळ्यांत पुढे पोट सावरत एक चंदेरी गृहस्थ. महाअ‍ॅडमिरल!

मी टेबलाखाली शिरलो. दार झुल्माने उघडलं. केसांत रोलर, चेहऱ्यावर क्रीम.

"कोण पाहिजे?"

"सातवा उपग्रह इथेच राहतात ना?"

"इथे फक्त माणसं राहतात. तीपण नावाला." तिने टेबलाच्या दिशेने एक नजर टाकली.

"आणि आपण?"

"मी झुल्मा."

मंडळी, अशी शांतता मी आमच्या चर्चमध्येसुद्धा अनुभवलेली नाही! बसच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मागे कुणीतरी पुटपुटलं, "ती खरंच आहे..." एका तरुणीने छातीवर क्रूस काढला. महाअ‍ॅडमिरल खाड्‌कन ताठ झाले आणि त्यांनी झुल्माला सलाम ठोकला!

झुल्मा सावकाश मागे वळली. "हेरिबेर्तो! या लोकांना माझं नाव कसं माहीत?"

मी टेबलाखालून बाहेर आलो. कानावर शेवई लोंबत होती. "अगं, ते... कट्ट्यावर..."

"सम्राज्ञी," महाअ‍ॅडमिरल अदबीने म्हणाले, "आम्ही फक्त एकदा यान बघून जाऊ. कशाला हात लावणार नाही."

"यान? न्हाणीघर सोडून या घरात बघण्यासारखं आहे काय!" झुल्मा वैतागून म्हणाली.

झालं! "न्हाणीघर!" सगळ्यांनी ओळखलं. बोळात रांग लागली. शिस्तीची, पूजेला लागावी तशी. कुणी खोकत नव्हतं. आणि दार उघडून सासूबाई बाहेर आल्या! डोक्याला टॉवेलचा फेटा, अंगात जांभळा झगा, हातात वाफाळती किटली. चंदेरी माणसं दोन्ही बाजूंनी भिंतीला चिकटली आणि मधून वाट करून दिली. माना झुकल्या. सासूबाई थबकल्या, दोन्हीकडे बघितलं, आणि हनुवटी वर करून राणीसारख्या चालत गेल्या. माझ्याजवळ आल्यावर म्हणाल्या, "बघ. वडीलधाऱ्यांशी असं वागायचं असतं."

मग लोक आत घुसले. आमचं न्हाणीघर एवढंसं, एक माणूस आत गेला तर साबणाला बाहेर यावं लागतं. तिथे सहा-सात जण! स्पंजसमोर दोघं गुडघ्यावर बसले. मास्तर शनी शोधत होते. महाअ‍ॅडमिरलांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "सगळं आयुष्य वाट बघितली," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी गिझरला मिठी मारली!

"नको!" मी ओरडलो. "भिंत ओली आहे! खिळे सुटलेत!"

कर्र्र आवाज झाला. गिझर आधी थोडा वाकला, जणू नमस्कार करतोय, आणि मग भिंत सोडून खाली आला! पाइप तुटला. जुलैतलं गार पाणी फवाऱ्यासारखं थेट महाअ‍ॅडमिरलांच्या छातीवर! चंदेरी पोशाख अंगाला चिकटला. सोललेल्या माशासारखे दिसत होते बिचारे!

मुख्य नळ बंद करून मी पाण्यात उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा कट्ट्याला खरं सांगितलं. "हा गिझर आहे! ऐकताय का? आमचा गिझर! फोटो प्लंबरला पाठवायचा होता, चुकून तुम्हाला गेला! अस्तुरा नाही, सम्राज्ञी नाही, ती माझी बायको आहे आणि तो सासूबाईंचा स्पंज आहे!"

महाअ‍ॅडमिरलांनी चेहऱ्यावरचं पाणी पुसलं, झुल्माकडे एक भीतीयुक्त नजर टाकली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कुजबुजले, "समजलं. तुमच्यावर दबाव आहे. काळजी करू नका, आम्ही काही पाहिलं नाही."

"अहो, दबाव कसला! गिझर!"

"हो हो. गिझर." आणि त्यांनी डोळा मारला!

झुल्माने मात्र कपाळावर हात मारून घेतला आणि मग, मंडळी, ती हसायला लागली. इतकी हसली की क्रीमला भेगा पडल्या. "म्हणजे दुसरी बाई नव्हतीच? हा सगळा तमाशा गिझरच्या फोटोसाठी?" तिने महाअ‍ॅडमिरलांना माझा पायजमा दिला, स्टोव्हपुढे बसवलं आणि पुढ्यात शेवया ठेवल्या. त्यांनी दोनदा मागून खाल्ल्या. सासूबाईंनी त्यांना आपला गुडघा दाखवून फुकट औषध लिहून घेतलं. बाकीच्यांनी अंगणात थर्मास उघडले. जाताना कुणी गंजाचा पापुद्रा नेला, कुणी पाइपचा तुकडा. स्पंज कुणी नेला ते अजून कळलेलं नाही.

वॉशिंग्टनने मेहुण्याला न आणता एकट्यानेच नवा गिझर बसवला. माझं अंथरूणही घरात परत आलं.

पण मन खात होतं. मी कट्ट्यावर सगळी हकिकत लिहून टाकली. पहिल्यापासून शेवटपर्यंत खरी, नव्या गिझरच्या फोटोसकट! एकही लाइक नाही. थोड्या वेळाने ती पोस्टच गायब, आणि महाअ‍ॅडमिरलांचा निरोप: "अफवा पसरवल्याबद्दल आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. आपल्या त्यागाची जाणीव आहे."

मग नवी मालिका आली. अस्तुरा म्हणजे पांढरंशुभ्र, गुळगुळीत, अंड्यासारखं. कट्टा खवळला! "हे कसलं यान? खरं यान साल्तोत होतं! पोचा कुठाय? गंज कुठाय?" निषेधाच्या सह्या गोळा झाल्या. भांडण पेटलं ते विझेना. रोज रात्रंदिवस शिव्या, शाप, आणि मध्येच हातमोजा.

शेवटी एका रविवारी झुल्माने केसांना रोलर लावता लावता स्वतःचं खातं उघडलं. नाव लिहिलं, 'झुल्मा'. आणि एकच ओळ टाकली:

"गप्प बसा सगळे, आणि आंघोळी करून या."

मंडळी, साइट बंद पडली! एवढे लाइक, की मोजणारं यंत्र थकलं. ती ओळ आता कट्ट्याच्या माथ्यावर कायमची लावलेली आहे. महाअ‍ॅडमिरल स्वतः खाली लिहून गेलेत, "आज्ञा, सम्राज्ञी. केली."

मला हे सगळं कसं कळतं? झुल्माच्या फोनवरून. जेवण झाल्यावर, तिची मर्जी असेल तर, ती फोन माझ्या हातात देते आणि बजावते, "नुसतं वाच हं. लिहू नकोस काही."